इको नॉर्मल होता, मग ब्लॉकेज कुठून आलं?

वादाला तोंड फोडलं अण्णांनी. त्यांच्या मेहुण्यांचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला होता. ईएफ, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, 60 टक्के. पुढे चालताना छातीत भरून यायला लागलं, अँजिओग्राफी झाली आणि मुख्य धमनीत मोठं ब्लॉकेज निघालं. "म्हणजे इको खोटा पडला," अण्णा म्हणाले. "मग तो काढायचा तरी कशाला?"

पक्याला तेवढंच हवं होतं. "मी कधीचा सांगतोय, इको ही नुसती औपचारिकता. थेट अँजिओग्राफी करून मोकळं व्हायचं."

ताई रोज इको करते. ती आधी गप्प होती, पण हे ऐकून राहवलं नाही तिला. "जे इकोला दिसतच नाही, त्यावरून तुम्ही दोघं त्याला खोटं ठरवताय. धमनीत कुठे किती अडथळा आहे हे साध्या इकोत कळत नाही. आम्ही स्नायू बघतो. ठोक्याला हृदयाची भिंत आत येते का, येताना जाड होते का. रक्त कमी पडलं की त्या धमनीच्या वाट्याची भिंत आधी मंदावते, मग थांबते, मेलेली असेल तर उलटी बाहेर फुगते."

"मग एवढं ब्लॉकेज असताना यांची भिंत नीट कशी हलत होती?" मी विचारलं.

"कारण ते डाव्या कुशीवर निवांत पडलेले होते. धमनी अरुंद झाली की पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि विश्रांतीत पुरवठा भागवून नेतात. अडथळा साधारण 85 टक्क्यांवर जाईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह फारसा घटत नाही. चालायला लागलं की मागणी वाढते आणि तिथे तूट पडते."

म्हणूनच स्ट्रेस इको. ट्रेडमिलवर चालवून, किंवा चालता येत नसेल तर डोब्युटामिन या औषधाने ठोके वाढवून तीच भिंत पुन्हा बघायची. रक्त कमी पडल्यावर काय काय बिघडतं याचा ताईने सांगितलेला क्रम मला नवा होता. पहिल्यांदा स्नायूचं सैलावणं बिघडतं, मग आकुंचन, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि दुखणं सगळ्यात शेवटी. आपण मात्र दुखण्यालाच पहिली खूण धरून बसतो.

पक्या हटला नाही. "ठीक. पण अटॅक आल्यावर? तिथे ईसीजीच बोलतो. इकोची वाट बघत बसायचं का?"

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "ईसीजीवर अटॅक स्पष्ट असेल तर इकोसाठी एक मिनिटही घालवू नये. तुझं हे शंभर टक्के बरोबर." पण ईसीजी गोंधळाचा असेल तर हृदयाची एखादी भिंत थांबलेली दिसणं, किंवा भिंत ठीक असून हृदयाभोवती पाणी दिसणं, यावरून उपचाराची दिशाच बदलते.

आणि मग तिने जे सांगितलं, त्यावर पक्याही गप्प झाला. अटॅक निभावला, रुग्ण बसून बोलतोय, घरच्यांच्या जिवात जीव आलाय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक धाप लागते, रक्तदाब कोसळतो. दुसरा अटॅक आला असंच सगळ्यांना वाटतं. खरं तर पहिल्या आठवड्यात मेलेला स्नायू मऊ पडतो आणि फाटू शकतो. कुठे फाटला, हे पलंगाशेजारी मशीन आणून काही मिनिटांत कळतं.

मायट्रल झडपेच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या, दोऱ्या ज्या दोन स्नायूंना बांधलेल्या असतात, त्यातला मागचा बहुतेकदा एकाच धमनीवर जगतो. म्हणून हृदयाच्या खालच्या भागातल्या छोट्या अटॅकनेही तो तुटू शकतो. मशीनच्या स्क्रीनवर झडपेचं पान वरच्या कप्प्यात उलटं जाताना दिसतं, त्याच्या टोकाला तुटलेल्या स्नायूचा तुकडा लोंबत असतो आणि रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉपलरमध्ये रंगांचा झोत मागे उसळतो. स्टेथोस्कोपला आवाज कधी अगदी मंद येतो, कधी येतच नाही, कारण दोन्ही कप्प्यांतला दाब झपाट्याने सारखा होत जातो. "आणि अण्णा," ताई म्हणाली, "ईएफ त्या वेळी 60, कधी त्याहूनही जास्त दिसतो. डावा कप्पा रिकामा होतोय खरा, पण निम्मं रक्त उलटं फुप्फुसांकडे चाललंय."

अण्णा काही बोलले नाहीत. तो 60चा आकडा त्यांनी दहा जणांना ऐकवला होता.

डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा फाटला तर झोत डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. बाहेरची भिंत फाटली तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठून उजवे कप्पे दाबले जातात. कधी पिशवीच ते भोक धरून ठेवते आणि अरुंद तोंडाचा खोटा फुगा तयार होतो, तो कधीही फुटू शकतो. जुन्या अटॅकनंतर भिंत पातळ होऊन येणारा खरा फुगा रुंद तोंडाचा असतो, तो सहसा फुटत नाही. म्हणून त्या तोंडाची रुंदी बघायची. पडदा किंवा स्नायू फाटलेले रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय क्वचितच वाचतात, त्यामुळे निदानाला लागलेला प्रत्येक तास मोलाचा.

समोरच्या भिंतीच्या मोठ्या अटॅकनंतर हृदयाच्या टोकाशी आत रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. साध्या इकोत ती निसटू शकते, कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं द्रव्य, दिलं तर नीट दिसते.

हे तंत्र आलं जहाजबांधणीतून, हेही तिथेच कळलं. धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र स्वीडनमधल्या माल्मोच्या गोदीतून मागून आणून डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी 1953 साली लुंड इथे हृदयावर लावलं. ध्वनिलहरी असल्याने किरणोत्सर्ग नाही, हवा तितक्या वेळा इको करता येतो.

पक्याचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्याच्या ओळखीतल्या एकांचा अटॅकच्या दुसऱ्या दिवशी ईएफ 30 आला. कोणी समजावलं नाही, नुसता कागद हातात दिला आणि घरच्यांनी आशाच सोडली. मला याचा फार राग येतो. ताईनेही तेच म्हटलं. धमनी वेळेत उघडली असेल तर बराचसा स्नायू मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. सावरायला त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. अचानक मृत्यू टाळण्यासाठी छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर झटका देणारं यंत्र, बसवायचा की नाही, हेसुद्धा म्हणूनच पहिल्या ईएफवर ठरवत नाहीत. अटॅकनंतर किमान 40 दिवस औषधं देतात, पुन्हा इको करतात आणि ईएफ तरीही 35 किंवा त्याखाली राहिला तर तो विषय निघतो.

"त्यांचा दुसरा इको झालाय का?" ताईने विचारलं. पक्याने तिथूनच त्यांच्या मुलाला फोन लावला.