गडग्यापलीकडची साक्ष

बहीण मस्कतला असते आणि मला तिच्याकडे चार दिवस जायचंय, एवढाच माझा गुन्हा. ३६ पानी पासपोर्टाचे १५०० रुपये ऑनलाइन भरले, अपॉइंटमेंट घेतली, सोबत दहावीची मार्कलिस्टही नेली. कारण दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ पडतं आणि मग ओमानसह १८ देशांत नोकरीला जायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते. मला नोकरी नको होती, तरी काउंटरवरच्या मुलीने माझे गणिताचे मार्क जरा जास्तच वेळ वाचले. पुढे बोटांचे ठसे उमटेनात. मे महिना, घरात ओले काजूगर सोलायचं काम चाललेलं, चिकाने बोटांची सालं गेलेली. ‘सर, जरा दाबून’ ऐकत निम्मी सकाळ काचेवर बोटं चेपत बसलो.

हे सगळं सोसलं. हवालदार घरी आले तेव्हा आधार, वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, सगळं फायलीत लावून तयार होतं. त्यांनी चाळलं आणि म्हणाले, “कागद ठीक आहेत. शेजारचे दोन साक्षीदार बोलवा.”

आमच्या वाडीत शेजारी म्हणजे कुलपं. चाकरमानी मुंबईत, घरं उघडणार ती गणपतीला. एक साक्षीदार खालच्या आळीतून धरून आणला. दुसरे उरले दाजी. दाजींचा आणि आमचा गडगा, म्हणजे हद्दीवरचं दगडी कुंपण, एक, त्यावरचा फणस एक, आणि मोजणी झाल्यापासून बोलणं बंद.

“हे इथेच राहतात ना?” हवालदारांनी विचारलं.

दाजींनी पानाला चुना लावला, देठ खुडला, माझ्याकडे निरखून बघितलं. “ऱवता म्हणजे... राती लाइट पेटलेलो दिसता. आत कोण आसता, तां मी खयसून सांगू?”

“ओळखता का यांना?”

“ह्येच्या बापाशीक वळखी. बरो माणूस होतो.” जोर ‘होतो’वर.

“काही गुन्हा वगैरे?”

“पोलिसांपर्यंत काय गेलेलो नाय. पंचायतीपर्यंत गेलेलो आसा.” आणि काठी टेकत दाजी गडग्याकडे निघाले. हवालदारही मागोमाग! “ह्यो गडगो आधी हय होतो. आता हय इलो. गडग्याक पाय आसतत काय?”

“साहेब, याचा पासपोर्टशी काय संबंध?” मी म्हटलं.

“कसो नाय? हय दोन फूट सरकलो, थय मस्कतात काय करतलो कोणाक ठावक?”

हवालदार हसले. मला हसू आलं नाही, अजून येत नाही. माझे ठसे, डोळ्यांची बुबुळं, फोटो, सगळं सरकारजमा आहे. याच घरात जन्मलो, घरपट्टी एकदाही थकवली नाही. तरी मी इथे राहतो की नाही ते ठरणार दाजींच्या पानाच्या पिचकाऱ्या संपल्यावर. आणि दाजींना कोण विचारतो, तुम्ही कोण म्हणून?

शेवटी दाजी सहीला तयार झाले, पण अटीवर. “खाली लिवा, गडग्याबाबत हरकत कायम.”

“फॉर्मात तशी जागा नाही हो.”

“मगे पाठच्या बाजूक लिवा.”

बरीच घासाघीस झाली. हवालदारांनी वेगळ्या कागदावर काहीतरी खरडून दाजींना वाचून दाखवलं, तेव्हा कुठे सही पडली. नंतर दाजींच्या ओटीवर बसून दोघांनी गरे खाल्ले. कापा फणस, त्याच झाडाचा. मला कोणी ये म्हटलं नाही.

व्हेरिफिकेशन पार पडलं, पासपोर्ट छापून निघाला, स्पीड पोस्टाने गावात आला. तो ज्याचा त्याच्याच हातात देतात. पोस्टमन आला तेव्हा मी नेमका मालवणात बाजाराला गेलेलो. दाराला कुलूप बघून त्याने गडग्यापलीकडे चौकशी केली.

“तो?” दाजी म्हणाले. “तो कधीच गेलो मस्कताक.”