बोकडाचं सोडा, त्या चांदीच्या पेल्याचं बोला

परवा रात्री 'द विच' परत बघितला. तिसऱ्यांदा. ह्यावेळी आई सोबत होती, तिला इंग्रजी हॉरर वगैरेशी काही घेणंदेणं नसतं, ती आपली शेंगा सोलत बसलेली, पण स्क्रीनवर शेळ्या, मक्याचं शेत, कुंपण, चुलीचा धूर असं दिसायला लागलं तशी "अगं ही तर आपल्यासारखीच माणसं" म्हणून चष्मा लावून नीट बसली. मी मध्ये मध्ये सांगत होते काय चाललंय ते. आणि साधारण अर्ध्या पिक्चरला आई म्हणाली, "मेल्याने तो पेला बायकोला सांगून विकला असता तर एवढं रामायण झालं असतं का?"

मी पॉजच केला. हा पिक्चर येऊन दहा वर्षं झाली, लोक तेव्हापासून त्या काळ्या बोकडाबद्दल बोलतायत, त्याचे मीम झाले, टीशर्ट झाले, आणि माझ्या आईने शेंगा सोलता सोलता बरोब्बर दुखरी नस पकडली.

(पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. बघितला नसेल तर आधी बघून या, दीड तासाचा आहे फक्त.)

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी. १६३० च्या दशकातलं न्यू इंग्लंड, म्हणजे आत्ताच्या अमेरिकेचा ईशान्य कोपरा. इंग्लंडहून आलेलं कट्टर प्युरिटन, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाचं कुटुंब. बाप विल्यम इतका कडक की गावातले बाकीचे कडक लोक पण त्याला पुरेसे धार्मिक वाटत नाहीत, मग गाव त्याला हाकलून देतं आणि हा बायकापोरं घेऊन ताठ मानेने जंगलाच्या कडेला जाऊन शेती करतो. मोठी मुलगी थॉमसिन, मग केलब, मग जुळी मर्सी आणि जोनस, आणि तान्हा सॅम्युअल. शिवाय शेळ्या आणि तो काळा बोकड. एके दिवशी थॉमसिन बाळाशी भोकभोक खेळतेय, डोळ्यांवरून हात काढते तर समोर बाळच नाही. नुसतं रिकामं फडकं. तिथून घर जे सुटत जातं ते शेवटपर्यंत.

आता पेला. कॅथरिन म्हणजे आई, तिच्या माहेरचा एक चांदीचा पेला असतो. घरात किमती म्हणावी अशी तीच वस्तू. पीक सडलंय, हिवाळा तोंडावर आलाय, म्हणून विल्यम गुपचूप तो पेला देऊन शिकारीचे सापळे आणतो. हे फक्त केलबला माहितीये, कारण बापाने त्याला जंगलात नेऊन सांगितलंय आणि वर गप्प राहायलाही सांगितलंय. घरी आल्यावर आई विचारते कुठे गेला होतात, तर पोरगं बापाला वाचवायला थाप मारतं की सफरचंदं शोधायला गेलो होतो. आणि पेला कुठे गेला हा प्रश्न निघतो तेव्हा आईची नजर वळते ती सरळ थॉमसिनकडे. बाळ पण हिच्याच हातून गेलं होतं ना, मग पेला पण हिनेच हरवला. आणि बाप तिथेच बसलाय. ती म्हणतेय ना नाही घेतला, असं काहीतरी पुटपुटतो, पण "मी विकला" हे दोन शब्द काही त्याच्या तोंडातून निघत नाहीत. त्याच रात्री पोरीला दुसऱ्यांच्या घरी कामाला धाडायची बोलणी होतात, आणि पोरं अंथरुणात पडून सगळं ऐकत असतात.

मला ह्या सीनची जेवढी भीती वाटते तेवढी जंगलातल्या त्या चेटकिणीची वाटत नाही. खरंच. कारण हा बाप वाईट नाहीये! मारत नाही, दारू पीत नाही, पोरांवर जीव आहे त्याचा, दिवसरात्र देवाचं नाव घेतो. फक्त चूक कबूल करायची लाज वाटते त्याला, आणि त्या लाजेचं बिल मुलीच्या नावावर फाटतं. असे बाप मी बघितलेत, तुम्ही पण बघितले असतील. पुढे तो कबूल करतो पण तोवर उशीर झालेला असतो. आणि दिग्दर्शकाची कमाल बघा, केलब जंगलात हरवतो, रात्री पावसात नागडा परत येतो, तापाने फणफणलेला, आणि त्याच्या घशातून बाहेर काय पडतं तर रक्ताने माखलेलं अख्खं सफरचंद. बापासाठी बोललेली थाप पोराच्या घशात अडकली. मला हे दुसऱ्यांदा बघताना कळलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

तसंच ते थॉमसिनचं मस्करीत बोललेलं वाक्य. मर्सी फार त्रास देते म्हणून ही तिला घाबरवायला म्हणते की मीच ती जंगलातली चेटकीण. मोठी बहीण धाकटीला घाबरवते तसंच, मी पण माझ्या भावाला सांगायचे की तुला बोहारणीकडून भांड्यांवर घेतलाय. पण ह्या घरात तेच वाक्य नंतर पुरावा म्हणून समोर येतं.

एका मित्राची तक्रार आहे की चेटकीण सुरुवातीलाच दाखवून टाकली, सस्पेन्स काय राहिला. दुसऱ्या मैत्रिणीची तक्रार जास्त वजनदार आहे. ती म्हणते इतिहासात ज्यांना चेटकीण म्हणून मारलं त्या सगळ्या साध्या बायका होत्या, मग पिक्चरमध्ये खरीखुरी चेटकीण दाखवणं म्हणजे मारणाऱ्यांचीच बाजू घेतल्यासारखं नाही का? ह्यावर मी बरेच दिवस विचार केला. मुद्दा खोडून काढता येत नाही. पण मला वाटतं दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सने मुद्दामच त्या लोकांच्या डोक्यात शिरून पिक्चर केलाय. पाटी येते शेवटी, की हे जुन्या लोककथा, डायऱ्या, कोर्टाचे कागद ह्यांच्यावरून केलंय आणि बरेचसे संवाद थेट तिथूनच उचललेत. त्या माणसांसाठी जंगलातली चेटकीण ही लांडग्याइतकीच खरी होती. आपण बाहेर उभं राहून "किती अडाणी" म्हणत बघितलं तर भीती वाटणारच नाही, म्हणून तो आपल्याला त्या झोपडीत कोंडतो. आणि गंमत म्हणजे चेटकीण खरी असूनसुद्धा घरच्यांनी पकडलेली मुलगी चुकीचीच असते!

ह्या गोष्टीनंतर साधारण साठ वर्षांनी, त्याच भागात, १६९२ साली सेलम गावात चेटकिणींचे खटले झाले. बऱ्याच जणांना वाटतं तिथे बायकांना जाळलं, तर नाही, फाशी दिलं. १९ जणांना, त्यात पुरुष पण होते, शिवाय ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून रचून मारलं कारण तो आरोपावर उत्तरच द्यायला तयार नव्हता. पुरावा म्हणून काय चालायचं तर "हिचं भूत माझ्या स्वप्नात येऊन चावलं". सारा गुड नावाची बाई होती, वडिलांच्या इस्टेटीतलं काही धड हाती लागलं नाही, नवरा कफल्लक, दारोदार मागून खायची आणि नाही दिलं की पुटपुटत जायची. झालं, चेटकीण. तिच्या चारपाच वर्षांच्या पोरीला पण बेड्या घालून तुरुंगात टाकलं. फासाखाली उभी असताना पाद्री निकोलस नॉइस तिला चेटकीण म्हणाला तर ती म्हणाली की तू जेवढा चेटक्या तेवढीच मी चेटकीण, आणि माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावेल. पुढे तो पाद्री तोंडात रक्त येऊन मेला अशी दंतकथा तिथे अजून सांगतात. शापाचे इतके पिक्चर बघितले मी, पण दोनशे वर्षांनी थडग्यातून उठणाऱ्या एकीचाही शाप ह्या भीक मागणाऱ्या बाईच्या तळतळाटाइतका मला लागला नाही. सेलममधल्या शेवटच्या दोषी बाईचं नाव अधिकृतपणे साफ झालं ते २०२२ साली, आठवीच्या पोरांनी पाठपुरावा केला म्हणून.

आणि आपण हसायची गरज नाही. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ मध्ये, तो पण दाभोलकरांचा खून झाल्यावर. नंदुरबारकडच्या डाकीण प्रकरणांच्या बातम्या अजून येतात आणि नीट वाचलं तर बऱ्याचदा खाली कुठेतरी जमिनीचा तुकडा निघतो.

आमच्या वाडीत पण एक होती. एकटी राहायची, दिराशी बांधावरून वाद होता, एवढाच तिचा गुन्हा. कोणाची म्हैस आटली, कोणाचं पोर तापलं की बायका तिच्या घराकडे बघून गप्प व्हायच्या. "चेटकीण" असं मोठ्यांपैकी कोणी तोंडाने म्हटलेलं मला आठवत नाही, ते काम आम्ही पोरांनी केलं. एकदा ती अंगणात कोकमं वाळत घालत होती, मला हाक मारून मूठभर हातावर ठेवली. मी घेतली, हसले पण, आणि वळणावर गेल्यावर सगळी गटारात टाकून हात चड्डीला पुसला. चड्डीवर लाल डाग पडला तर घरी मार बसेल ह्याचीच भीती जास्त. पिक्चरमध्ये ती जुळी सगळ्यांसमोर बहिणीकडे बोट दाखवतात तेव्हा मला तो डाग आठवतो.

असो. पिक्चर म्हणून पण काय चीज आहे. एगर्सचा हा पहिलाच मोठा पिक्चर, २०१५ ला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला दाखवला तर दिग्दर्शनाचं बक्षीस घेऊन आला. अमेरिकेतल्या साध्या प्रेक्षकांनी मात्र थिएटरबाहेर 'सी मायनस' ग्रेड दिली, लोक बहुतेक दचकायला गेले होते आणि इथे दचकवतच नाहीत. शूटिंग कॅनडात, दिवसा जो काय ढगाळ उजेड असेल तो आणि रात्री मेणबत्त्या. अंधार म्हणजे खराच अंधार, मोबाईलवर बघू नका, काहीही दिसणार नाही. इंग्रजी इतकं जुनं की सबटायटलशिवाय मला पण झेपलं नाही, आपल्याकडे कोणी अख्खा पिक्चर बखरीच्या भाषेत काढला तर कसं वाटेल तसं. थॉमसिन झालेल्या आन्या टेलर-जॉयला ह्यानेच जगासमोर आणलं. आणि तो बोकड, खऱ्या नावाने चार्ली, सेटवर कोणाचं म्हणजे कोणाचं ऐकायचा नाही, बापाचं काम करणाऱ्या राल्फ इनेसनला त्याने खऱ्या धडका दिल्यात. विल्यमचा शेवट पण बघा, पिक्चरभर त्याला धड एकच गोष्ट जमते, लाकडं फोडणं, राग आला की फोड लाकडं. मुलगी तोंडावर सुनावते त्याला हे. आणि शेवटी बोकडाने धडक दिल्यावर त्याच रचलेल्या लाकडांखाली तो गाडला जातो.

शेवटाबद्दल मात्र माझं बऱ्याच लोकांशी पटत नाही. सगळे मेल्यावर थॉमसिन बोकडाशी, म्हणजे त्याच्या रूपातल्या सैतानाशी बोलते, सैतानाच्या वहीत सही करते आणि जंगलात बाकीच्या बायकांबरोबर हसत हसत हवेत वर जाते. ह्याला लोक मुक्ती म्हणतात, स्त्रीचा विजय वगैरे. मला नाही वाटत. सैतान तिला आधी काय देऊ करतो आठवा. लोणी! लोण्याची चव, मग एक छानसा झगा. राज्य नाही, शक्ती नाही. एवढ्यावर जी मुलगी सही करते तिला आधीच्या आयुष्यात काय मिळालं असेल? एका बाजूला परक्या घरची धुणीभांडी, दुसऱ्या बाजूला बोकड, तिसरं दारच कोणी ठेवलं नव्हतं. त्या हसण्यात मला आनंद कमी आणि भ्रमिष्टपणा जास्त ऐकू येतो. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे.

आईला शेवट फारसा पटला नाही. "उडतायत काय बायका" म्हणून उठली आणि शेंगांची टरफलं गोळा करून आत गेली. पण सकाळी चहा गाळताना एकदम विचारलं, "त्या जुळ्यांचं काय झालं गं?" मी आठवून बघितलं. शेळ्यांच्या गोठ्यात रात्री शेवटची दिसतात, किंचाळताना. सकाळी नसतात. मग कोणीच त्यांचं नाव काढत नाही.

"दाखवलंच नाही," म्हटलं.

"म्हणजे? कोणी शोधलं पण नाही?"