‘ये’, ‘बस’ आणि 52 किलो

आमच्या घरी ‘ये’ हा शब्द मोठ्यानं उच्चारायची बंदी आहे. येणाऱ्याला आम्ही फाटकातच सांगतो, चपला नंतर काढा, आधी हे ऐका. पण इंदुरात राहून हिंदीतलं ‘ये’ टाळायचं म्हणजे पोह्यांवर सेंव न घालण्यासारखं आहे. जमतं, पण करतं कोण? नवा माणूस फाटकाच्या गजांतून मक्याकडे बघतो, दोन पावलं मागे सरतो आणि विचारतो, "ये काटता है क्या?"

मक्याला कळते मराठी. बाकीचं वाक्य त्याच्यासाठी वाऱ्यावर जातं, तेवढं ‘ये’ कानावर पडतं. बोलावलं की जायचं, हे वळण त्याला आमच्या हिनं खोबऱ्याचा एकेक तुकडा देऊन लावलंय. तो उठतो. माणूस ओरडतो, "अरे, ये तो आ रिया है!" म्हणजे दुसरं बोलावणं. आता मक्या धावतो.

मक्या हा रॉटवायलर जातीचा कुत्रा. चिरंजीवांनी नाव ठेवलं होतं मॅक्स, पण आमच्या आईच्या तोंडी त्याचा पहिल्याच दिवशी मक्या झाला. घरून काम करण्याच्या दिवसांत चिरंजीवांनी आणला तेव्हा पोळ्यांच्या डब्याएवढा होता. मग कंपनीनं बेंगळुरूला परत बोलावलं. "बाबा, दोनच महिने सांभाळा." त्याला चार वर्षं झाली. मी 58 किलोंचा, मक्या 52. फिरायला आम्ही दोघं जातो, पण कुणी कुणाला नेतो हे आमच्या रामबाग मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला कुत्र्यांची भीती वाटते, हे चिरंजीवांना माहीत होतं. ज्याची भीती वाटते त्याचा अभ्यास करावा, ही माझी बँकेपासूनची सवय. तिथे कॉम्प्युटरची भीती वाटायची. अभ्यास पुरा व्हायच्या आत 2001 साली मी व्हीआरएस घेतली, तो भाग वेगळा. तर मक्याचा अभ्यास सुरू केला आणि पहिल्याच रात्री कळलं, की याच्या घराण्याचं मूळ नाव खाटकाचा कुत्रा. जर्मनीत नेकार नदीवर रॉटवाइल नावाचं गाव आहे, रोमन लोकांनी वसवलेलं. तिथल्या गुरांच्या बाजारात खाटकांची जनावरं हाकायची आणि मांसाच्या गाड्या ओढायच्या, हा यांचा पिढीजात धंदा. खाटीक म्हणे विक्रीचे पैसे थैलीत घालून कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे, म्हणजे वाटेत हात लावायची कुणाची छाती नाही.

आमचं घर देशस्थाचं, अंडंसुद्धा अंगणात खायचं असलं. आईला हे सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. आई म्हणाली, "खाटकाकडे होता ना? मग आता सुटला बिचारा."

पुढचा इतिहास वाचून मात्र मला गलबलून आलं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गुरं गाडीतून जायला लागली आणि या कुत्र्यांचं काम गेलं. जात जवळजवळ संपलीच होती. ती तगली, कारण 1910 च्या सुमारास जर्मनीत त्यांना पोलिसात घेतलं. यंत्र आलं, नोकरी गेली, इथवर आमची कुंडली जुळते. पुढे त्यांना सरकारी नोकरी लागली, मला मक्या मिळाला.

पहिले काही आठवडे मी सोफ्यावर बसलो नाही. बसलो की मक्या येऊन पायाशी टेकायचा. टेकायचा म्हणजे भिंतीनं टेकावं तसा, सगळं अंग सोडून. आणि वर घशातून घर्रर्र, घर्रर्र. मी श्वास रोखून बसायचो. आईचं निदान वेगळं होतं. "कफ झालाय त्याला," म्हणून तिनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याची छाती शेकली. घरघर दुप्पट वाढली. शेवटी महूला शिकलेले आमचे जनावरांचे डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, टेकणं हा या जातीचा स्वभाव आणि ही घरघर खुशीची. अंग सैल असेल, डोळे मिटत असतील तर खुशाल बसा. अंग ताठ झालं, नजर रोखली, तर मात्र हात आवरा आणि हळूच बाजूला व्हा. तेव्हापासून मी सोफ्यावर बसतो, पण आधी त्याचे डोळे बघून.

त्याच डॉक्टरांनी सुरुवातीला बजावलं होतं, की पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईतो त्याला तऱ्हतऱ्हेची माणसं आणि आवाज दाखवा. पुढे बिचकून अंगावर जातात ती बहुतेक अशी कोंडून वाढलेली. पण लसी पुऱ्या होईतो जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा आजार या जातीला लवकर धरतो. मग काय, आईच्या मांडीवर बसून मक्यानं भजनी मंडळ ऐकलं, लग्नाचे बँड ऐकले, कचरागाडीवरचं गाणं तर रोजच. भजनी मंडळातल्या झांजेचा त्याला अजून राग आहे. मलाही आहे, त्यामुळे आम्ही तो विषय काढत नाही.

खाण्याचं प्रकरण मात्र आमच्या मुळावर आलं. कांदा कुत्र्याला विष. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. इंदुरी माणसानं घरातून कांदा हलवायचा तर आधी स्वतः हलावं लागेल! सकाळी पोह्यांवर मूठभर कच्चा कांदा पडला की मक्या टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवतो. त्याला वर बघावं लागत नाही, उंचीच तेवढी आहे. तोंडातून एक तार सुटते, लोंबते, आणि नेमकी माझ्या पायजम्यावर उतरते. हिनं त्याला वेगळे पोहे करायला घेतले, बिनकांद्याचे, बिनमिरचीचे, मिठाशिवाय. उरले तर मला. द्राक्षं आणि बेदाणे तर आणखी वाईट, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे सत्यनारायणाचा शिरा गेला. आता शिऱ्याचे दोन वाटे होतात, एक देवाचा, एक मक्याचा, आणि बिनबेदाण्याचा कुठला, यावरून दर पौर्णिमेला ही आणि आई वाद घालतात.

उन्हाळा आमचा दोघांचा शत्रू. काळी दुहेरी लव, त्यावर मेचं ऊन. कुत्र्याला घाम म्हणावा तर पंजांपुरता, बाकी सारा भार धापांवर. म्हणून पहाटे पाचला फिरायचं आणि दिवसभर कूलरपुढे पडायचं, हा वैद्यकीय सल्ला. तो मलाही लागू आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. कूलर एकच आहे.

फिरायला जाताना खिशात पिशव्या. आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं. मक्यानं रस्त्यावर काही केलं की आजूबाजूच्या तीन खिडक्या उघडतात. मी वाकतो, उचलतो, गाठ मारतो. आता इंदुरात कचऱ्याच्या गाडीला ओल्या-सुक्याचे आणि आणखी कसले कसले कप्पे. एकदा पिशवी हातात धरून गाडीवरच्या पोराला विचारलं, "भिया, ये कौनसे डब्बे में?" बोललो आणि जीभ चावली. मक्या आला होता. पोरगा गाडीच्या टपावर. तिथून म्हणाला, "अंकल, पहले इसको कहीं डालो!"

समोरचे भाईसाब मूळचे मक्याविरोधी. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला सांगणारं पत्र राज्यांना पाठवलं, त्यात रॉटवायलर होता. भाईसाब सकाळी सातला कात्रण घेऊन हजर. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, तेव्हा मी कात्रण घेऊन गेलो. सात वाजायच्या आधी.

तरी गणपतीच्या आरतीला ते येतात. गेल्या वर्षीही आले. पंधराएक माणसं, दिवाणखान्यात कुणी सोफ्यापाशी, कुणी दारात, दोघी स्वयंपाकघरात. मक्याला मागच्या खोलीत बांधलं होतं. झांज वाजली आणि साखळीचा हूक निघाला.

तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. आधी दारातल्यांना खांद्यानं आत ढकललं. मग वळसा घालून स्वयंपाकघरातल्या दोघींना आणलं. सोफ्याकडून एक भाचा निसटू बघत होता, त्याला पोटरीशी डोकं लावून परत वळवला. दोन मिनिटांत पंधराच्या पंधरा माणसं फ्रिज आणि मखर यांच्यामध्ये घट्ट उभी. रेल्वेनं गेलेली नोकरी रामबागेत परत मिळाली होती. कुणी हललं की मक्या त्या बाजूला जाऊन टेकायचा. त्यामुळे कुणाला निघता येईना आणि आरत्या संपवता येईनात. आईला आनंद झाला. इतक्या आरत्या पूर्वी म्हणत असत, म्हणाली. मंत्रपुष्पांजली दोनदा झाली.

शेवटी भाईसाबांचा धीर सुटला. "अरे बस, भाई, बस!"

मक्या बसला. भाईसाबांच्या उजव्या पावलावर, सगळं अंग सोडून. मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि घर्रर्र सुरू केलं.

"डोळे बघा," मी म्हणालो. "मिटतायत ना? मग काही नाही."

भाईसाबांनी बराच वेळ बघितलं. पाय बधिर झाला असावा. हातातला द्रोण त्यांनी डोक्याएवढा उंच धरला होता. मग मान न वळवता, हळू आवाजात हिला म्हणाले, "भाभीजी, वो बिना किशमिश वाला शीरा रखा है क्या?"