जूनमध्ये जून

इथे इंग्लंडात भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे भाड्याने मिळतात, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. शनिवारी आमच्या अलॉटमेंटच्या समितीचं पत्र आलं : प्लॉटवर तण माजलंय, 14 दिवसांत काढा.

तण! त्या तणाला मी एप्रिलपासून रोज संध्याकाळी झारीने पाणी घालतोय. पाकचोई आहे ती, चिनी पालेभाजी. शेजारी थोडी मिझुना, ती जपानी. कडेला मोहरी. आता सगळ्यांना कमरेएवढे पिवळे तुरे आलेत, हे मान्य. पण गावाबाहेर रेपसीड फुललं, म्हणजे पाकचोईच्याच घराण्याचा कोबीशी संकर होऊन झालेलं पीक, की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. माझ्याकडे फुललं की नोटीस.

इंग्लंडात अलॉटमेंटची जमीन अजून रॉड या जुन्या मापात मोजतात. माझा अर्धा प्लॉट 5 रॉडचा, साधारण 125 चौरस मीटर. पुण्यात एवढ्यात बिल्डर सहा फ्लॅट आणि एक गणपती बसवेल. मला चार जुड्या पालेभाजी जमेना. आधी पिसवेसारख्या टुणकन उडणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांनी पानांची चाळणी केली. पान उन्हात धरलं की पलीकडचं कुंपण दिसायचं. त्यातून जे वाचलं, ते फुलावर गेलं.

शेजारच्या प्लॉटवर एक आजोबा असतात. ऐंशीच्या पुढचे. घडीची खुर्ची, थर्मास, पँटला पट्ट्याऐवजी सुतळी. पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"बोल्ट झालंय," ते म्हणाले. म्हणजे अवेळी फुलावर गेलंय.

"ते दिसतंय. पण का?"

"दिवस मोठे ना. तुमचं ते चिनी सगळं 21 जूननंतर पेरायचं. जुलै-ऑगस्टात."

"मी भारतीय आहे."

त्यांनी चहाचा घोट घेतला, विचार केला. "तरी जुलै-ऑगस्टच."

"पण मी एप्रिलमध्ये पेरत होतो तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात!"

"हो तर. छान ऊन होतं त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

आमच्या पुण्यात रस्त्याकडेला स्कूटरला दोनदा किक मारली तर तीन अनोळखी माणसं चोक ओढायला सांगतात. आयुष्यभर मी त्या आगाऊपणाला शिव्या घातल्या. आणि इथे हा माणूस अडीच महिने माझं वाटोळं होताना बघत सँडविच खात होता.

पुण्यात जूनचा दिवस तेरा तासांचा, इथे साडेसोळा. त्यात एप्रिलची थंडी लागली की रोपाला वाटतं हिवाळा सरला, आपण लग्नाचे झालो. बियांच्या पाकिटावर मात्र ठळक छापलंय : पेरणी मार्च ते सप्टेंबर. छापणाऱ्याने एकदा तरी पेरून बघायचं होतं. बाजारात दोन गड्डे दीड पौंडाला मिळतात. माझा नुसता जाळीचा खर्च तीस पौंड, आणि ती जाळीसुद्धा भुंगेरे आत शिरल्यावर घातली.

आईला व्हिडिओ कॉलवर तुरे दाखवले.

"अरे, जून झालीय भाजी."

"जूनच चालू आहे, आई."

तिला विनोद कळला नाही. मलाही हसू येत नव्हतं.

"शेंडे कोवळे असतील तर मोड आणि लसणीवर परत. मुळ्याच्या डिंगऱ्या नाही का खात आपण!"

काल केली. फुलांसकट. बरी झाली, किंचित कडसर. डब्यात घालून आजोबांनाही नेऊन दिली. त्यांनी चमच्याने ती खालीवर केली, एक फूल उचलून बघितलं, घास खाल्ला.

"मीठ जास्त झालंय," म्हणाले.

विचारलं होतं मी?