उन्हाची बाजू

प्रवासाला निघण्यापूर्वी ऊन कोणत्या खिडकीतून येणार याचा हिशेब मांडणारी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आमचे हे त्यांतले अग्रगण्य. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अर्जेंटिनाच्या राजधानीला, ब्यूनस आयर्सला गेलो. तिथे तेव्हा थंडीची चाहूल लागलेली असते, त्यामुळे ऊन टाळायचे नसून गाठायचे होते, एवढाच काय तो फरक.

शहर दाखवणाऱ्या दुमजली बसची वाट पाहत आम्ही रेकोलेताच्या दफनभूमीपाशी उभे होतो. बस दर वीस मिनिटांनी येते असे पत्रकात छापले होते. त्या वीस मिनिटांत आमची दफनभूमी दोनदा पाहून झाली. राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची लोकप्रिय पत्नी एव्हिता पेरॉन हिची कबर इथेच, तिच्या माहेरच्या दुआर्ते घराण्याच्या थडग्यात आहे. ती वारली १९५२ साली, परंतु लष्करी उठावानंतर तिचा देह पळवून इटलीत दुसऱ्याच नावाने पुरला गेला आणि माद्रिदमार्गे इथे पोहोचायला १९७६ साल उजाडले. हे ऐकल्यावर बसच्या उशिराबद्दल तक्रार करणे मला प्रशस्त वाटेना.

बस आली. ‘आता आपण दक्षिणेला जाणार आणि सूर्य दक्षिणेकडेच असणार, तेव्हा पुढची जागा धरा,’ असे फर्मावून ह्यांनी उघड्या टपावरची अगदी पहिली बाके पटकावली. विषुववृत्ताच्या खाली दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात राहून गेली होती. परिणामी मागच्या बाकांवरची ब्राझिलियन मंडळी पाठ शेकत संत्री सोलत होती आणि ला प्लाता नदीवरून येणारा वारा आमच्या नाकाडोळ्यांत शिरत होता. मागे जागा रिकाम्या होत्या. मात्र तिथे जाणे म्हणजे हार मानणे, म्हणून हे मफलर डोक्याला गुंडाळून ताठ बसले.

माहिती सांगायला कानात घालायच्या नळ्या दिल्या होत्या. माझी एकाच कानात बोलत असे, आणि तीही बसच्या दोन चौक पुढे. त्यामुळे तेआत्रो कोलोन या १९०८ सालच्या भव्य नाट्यगृहाची वर्णने मी एका पेट्रोल पंपाकडे पाहत भक्तिभावाने ऐकली. प्रत्यक्ष नाट्यगृह आले तेव्हा नळीत ऑबेलिस्क हा स्मारकस्तंभ सुरू झाला होता: शहराच्या पहिल्या स्थापनेला ४०० वर्षे झाली म्हणून १९३६ साली उभारलेला, साडेसदुसष्ट मीटर उंच. तो ज्या नऊ जुलै हमरस्त्यावर आहे त्याची रुंदी सुमारे १४० मीटर. छायाचित्रासाठी आम्ही उतरलो, हे हिरवा दिवा पाहून निघाले आणि निम्म्यावर दुभाजकात अडकले. तिथून त्यांनी हात हलवला. मीही हलवला. जुनी ओळख असल्यासारखे वाटले.

पुढच्या बसने आम्ही निघालो, पण प्लासा दे मायो या मुख्य चौकाकडे मोर्चा चालला होता. या शहरात मोर्चा हा वाहतुकीचाच एक प्रकार मानतात. चालकाने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता बस भलत्याच गल्ल्यांतून काढली. नळी मात्र ठरल्या जागी राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, कासा रोसादा, दाखवून मोकळी झाली.

ला बोका या जुन्या बंदरवस्तीत पत्र्याची रंगीबेरंगी घरे पाहण्यात आम्ही रमलो आणि शेवटची बस निघून गेली. मग १५२ क्रमांकाची साधी बस पकडली. तिथे पैशांऐवजी कार्ड लागते, ते आमच्याकडे नव्हते. एका आजीबाईंनी आपले कार्ड दोनदा टेकवले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. गर्दीत लोंबकळत जाताना खिडकीत अचानक कासा रोसादा दिसली, मागच्या बाजूने का होईना. कानात नळी नव्हती, हे ह्यांनी ताबडतोब हेरले. दिवसभरात साठलेली सगळी माहिती त्यांनी सनावळीसकट, खड्या मराठीत, त्या आजीबाईंना सांगायला घेतली. आणि आयुष्य त्या शहरात काढलेल्या आजीबाई प्रत्येक वाक्याला ‘सी, सी’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत राहिल्या.