‘एका ओळीचं काम’ म्हणणाऱ्या वाचकास

पीडीएफच्या प्रत्येक पानावर कोडने लेटरहेड चढवण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘हे एका ओळीचं काम आहे. मर्ज पेज म्हणा आणि मोकळे व्हा. उगाच पाल्हाळ लावलाय. प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाने असं लिहिलं नसतं. क्यूपीडीएफचा साधा उल्लेख नाही, आणि कोडही जुना वाटतो.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाने’ हे शब्द टाइप करताना तुम्ही जरा थांबायला हवं होतं. माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली आहेत, आणि लेख लांबला तो त्या कामामुळेच. शिवाय तो लेख हे पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी होता. ‘एका ओळीचं आहे म्हणे, मग आपल्यालाच कसं जमत नाही?’ असं त्यांना वाटायला लावणारी ही भाषा मला अजिबात आवडलेली नाही.

क्यूपीडीएफ या कमांडने चालणाऱ्या पीडीएफ साधनाचा उल्लेख हवा होता, हे मान्य. त्याच्या अंडरले (खाली ठेवा) या पर्यायाला टेम्प्लेटची, म्हणजे कोऱ्या लेटरहेडची, फाइल द्यायची, सोबत रिपीट=1 द्यायचं, की एकपानी टेम्प्लेट सगळ्या पानांखाली जातं; आणि ते फाइलमध्ये एकदाच साठवलं जातं, पानांवर त्याचा फक्त संदर्भ येतो. चांगलं साधन आहे.

आता ती तुमची ओळ. पायपीडीएफ या पायथन लायब्ररीतलं मर्ज पेज काय करतं? टेम्प्लेटच्या रेखाटनाच्या आज्ञा पानाच्या आज्ञांना जोडतं. दोन्ही पानांचा आकार, आरंभबिंदू आणि दिशा जुळतात की नाही, हे ते बघत नाही. ते बघणं हेच काम आहे.

आकारच घ्या. पीडीएफमध्ये मोजमाप खालच्या डाव्या कोपऱ्यापासून होतं, पॉइंटमध्ये. 72 पॉइंट म्हणजे एक इंच. ए4 पानाची उंची सुमारे 842 पॉइंट, अमेरिकेत चालणाऱ्या लेटर पानाची 792. ए4चं लेटरहेड लेटर पानावर जसंच्या तसं ठेवलं, तर वरचे 50 पॉइंट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर, पानाबाहेर जातात. नाव आणि लोगो असतात ते नेमके तिथेच. एरर येत नाही, कोड बिनबोभाट संपतो. इथे मर्ज ट्रान्सफॉर्म्ड पेज (आकार आणि जागा बदलून जोडणारी मेथड) वापरून टेम्प्लेट 0.94 पटीने लहान करायचं आणि रुंदीत उरणारी जागा दोन्हीकडे वाटून सुमारे 26 पॉइंट उजवीकडे सरकवायचं. हे करताना टेम्प्लेटवरच ॲड ट्रान्सफॉर्मेशन लावू नका. ते मूळ पान बदलतं. लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक पानासाठी तीच ओळ चालवताना, लावलं की बदल साठत जातात आणि प्रत्येक पानावर लोगो आणखी लहान होत सरकत राहतो.

पान कापलेलं असेल, तर मीडियाबॉक्स (पानाच्या पूर्ण आकाराची चौकट) 0,0 पासून सुरू होईलच असं नाही. त्याची डावी आणि खालची किंमत वाचून तितकं सरकवावं लागतं. क्रॉपबॉक्स वेगळा असेल तर हिशेब त्याच्यावरून करायचा, कारण वाचणाऱ्याला दिसतं ते तेवढंच.

सगळ्यात जास्त घात करतं ते रोटेट. पान आडवं दिसतं, पण आतला मजकूर उभ्या पानाच्या मापातच असतो; दाखवताना 90 अंश फिरवा, एवढीच नोंद त्यावर असते. अशा पानावर तुमची ती ओळ चालवली की लेटरहेड कडेला आडवं पडतं. मर्ज करण्याआधी ट्रान्सफर रोटेशन टू कंटेंट ही मेथड चालवली की फिरवणं मजकुरातच उतरतं आणि बॉक्सही बदलतात. त्यानंतर पान खरोखर आडवं झालेलं असतं, म्हणून टेम्प्लेटही आडवं लागतं. स्कॅन केलेल्या कागदपत्रांत अशी पानं मधेच कुठेतरी असतात, आणि पहिलं पान बघून ‘झालं’ म्हणणाऱ्याला ती सापडत नाहीत.

मग लेटरहेड मजकुराच्या खाली की वर? मर्ज पेजला ओव्हर=फॉल्स दिलं की टेम्प्लेट मजकुराखाली जातं. पण बरीच सॉफ्टवेअर पीडीएफ बनवताना आधी पानभर पांढरा आयत भरतात, आणि स्कॅनमध्ये तर अख्खं पान म्हणजे एक चित्र असतं. त्याखालचं लेटरहेड असून दिसत नाही. अशा पानांवर ते वरूनच चढवावं लागतं, आणि तेव्हा टेम्प्लेटमध्ये पांढरी पार्श्वभूमी असून चालत नाही. असली तर मजकूरच झाकला जातो. म्हणून टेम्प्लेट निर्यात करताना पार्श्वभूमी काढून टाका आणि रंगीत पानावर ठेवून खात्री करा.

आणि उलट बाजूने कोणी लूपमध्ये टेम्प्लेटवरच मजकुराची पानं मर्ज केली, तर दुसऱ्या पानावर पहिल्याचा मजकूर, तिसऱ्यावर पहिल्या दोघांचा. टेम्प्लेटची दर वेळी नवी प्रत घ्यावी लागते. यातलं पाल्हाळ कोणतं, ते तुम्हीच सांगा.

कोड जुना नाही. लेखात पायपीडीएफ आहे. पायपीडीएफ2 या तिच्या आधीच्या लायब्ररीचा विकास थांबला आहे, आणि मर्जपेज हे जोडून लिहिलेलं नाव त्या काळचं. हे तपासायला तुम्हाला मिनिटही लागलं नसतं.

यापुढे चूक दाखवायची असेल तर कुठल्या फाइलवर, कोणत्या पानावर काय बिघडलं ते लिहा. मी जरूर उत्तर देईन. आणि फाइल डिजिटल सहीची असेल तर तुमची ओळ तिच्यावर चालवूच नका. पानातला एक बाइट बदलला तरी सही अवैध ठरते. आधी लेटरहेड, मग सही.