शेरा : वर्तणूक चांगली

अख्खी नोकरी मी शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्यात घालवली. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होतो. दाखल्याचे रकाने ठरलेले आणि त्यांतली उत्तरंही ठरलेली. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. ज्यानं हेडसरांच्या स्कूटरच्या टाकीत साखर ओतली त्याची वर्तणूक चांगली, आणि ज्यानं ती ओतताना बघून चुगली केली त्याचीही चांगलीच. पोरगं का चाललंय हे खोदून विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. बाप खिडकीशी येतो, पोराचं नाव सांगतो, आपण जनरल रजिस्टर काढतो, विषय संपला. कुठूनही निघायला माणसाला दोन बोटांच्या रकान्यात मावेल एवढं कारण पुरतं, अशी माझी धारणा होती.

त्या धारणेला आमच्या धाकटीनं सुरुंग लावला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एका रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, मी ट्रान्स्फर घेतो."

आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा 'घेतो, जातो, येतो'च म्हणतात. बाहेरच्यांनी दचकू नये. दचकायचं ते पुढच्या वाक्याला.

"घे की. पुण्याला?"

"अमेरिकेला."

बायकोच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली आणि त्या दिवशीची शेवटची भाकरी करपली. ती माझ्या ताटात आली हे वेगळं सांगायला नको.

पोरीनं समजावून सांगितलं ते असं. अमेरिकेत एका कॉलेजात वर्ष-दोन वर्षं शिकून उरलेली डिग्री दुसऱ्या कॉलेजात पुरी करता येते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ओबामा आधी लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात होते, १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियाला गेले. वॉरन बफे तर उलटे : पेनसिल्व्हेनियाचं नावाजलेलं व्हार्टन सोडून घराजवळ नेब्रास्काला आले. हे ऐकून बायकोला बफे एकदम आवडायला लागले.

मलाही काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, त्यात काय एवढं? आपले नामदार गोखले राजाराम कॉलेजातच शिकायला होते. पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून १८८४ साली बी.ए. झाले. म्हणजे ट्रान्स्फर कोल्हापूरनं जगाला दाखवली. पोरगी म्हणाली, "त्यांना निबंध लिहायला लावला नव्हता."

निबंधाचं पुढं येईलच. आधी आकडे. येलला ट्रान्स्फरचे हजारावर अर्ज येतात आणि जागा वीस-तीस. हार्वर्ड घेऊन घेऊन डझनभर घेतं. प्रिन्स्टननं तर १९९० साली हे दारच बंद केलं, ते २०१८ ला उघडलं. कॉर्नेल त्या मानानं दिलदार, वर्षाला शेकड्यांनी घेतं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठंही भरपूर घेतात, पण पहिला मान त्यांच्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचा. हे मला मनापासून पटलं. गावातल्या साध्या कॉलेजात दोन वर्षं कमी फीत काढायची आणि मग थेट बर्कली. आमच्याकडं असं काही काढलं तर पहिल्या दिवशी मोर्चा आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट. आमच्या पोरीचा पत्ता मात्र कॅलिफोर्नियाचा नव्हता, शिवाजी पेठेचा होता.

तर कागद. 'कॉलेज रिपोर्ट' नावाचा एक फॉर्म असतो. तो आत्ताच्या कॉलेजनं भरायचा : ही विद्यार्थिनी आमच्याकडं नीट शिकत आहे का, तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, आणि खाली अधिकाऱ्याची सही. हे काम मी माझ्याकडं घेतलं. म्हटलं, ऑफिस म्हणजे आपलं माहेर.

खिडकीपलीकडं तरणा क्लार्क होता. फॉर्म उलटासुलटा बघून म्हणाला, "असला फॉर्म आपल्याकडं नसतोय. बोनाफाईड देऊ?"

"बोनाफाईड नको. हाच भरून पाहिजे."

"पोरगी कॉलेज सोडालीय काय?"

"अजून नाही. सोडायचा विचार आहे."

"मग टीसीचा अर्ज करा."

"टीसी काढली तर ॲडमिशन रद्द होईल की. आणि तिकडं नाही मिळालं तर?"

"मग सोडू नका."

यावर काय बोलणार? आमच्या पद्धतीत माणूस एकतर आहे, नाहीतर गेला. टीसी दिली की रजिस्टरला लाल शाईनं नोंद, पुढं त्याचं आणि आमचं नातं नाही. 'आहे, पण जाऊ म्हणतोय, आणि गेलाच तर चांगला होता असं आधीच लिहून द्या' ही तिसरी जात कुठल्याच रजिस्टरला बसत नाही. मी स्वतः त्या खुर्चीत असतो तर हेच म्हटलं असतं, फक्त चष्मा काढून म्हटलं असतं. खिडकीच्या अलीकडून ते किती झोंबतं हे मला नव्यानं कळत होतं.

"सायेब मीटिंगला गेल्यात," तो म्हणाला. साहेबांची चप्पल केबिनच्या दाराशी मला दिसत होती. पण 'मीटिंगला गेल्यात' हे वाक्य मी उमेदीत इतक्यांदा वापरलं होतं की त्याला उघडं पाडणं म्हणजे आपल्याच घराण्यावर चिखल उडवणं. मी गपगुमान चहाला गेलो.

शेवटी मी त्याला माझं खातं सांगितलं. हेडक्लार्क म्हटल्यावर त्यानं खुर्ची पुढं केली, चहा मागवला आणि आम्ही पेन्शन, सर्व्हिस बुक, वेतन आयोगाचा फरक अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर बोललो. मग त्यानं फॉर्म ओढला. शिस्तभंगाच्या प्रश्नापुढं 'नाही' असं लिहिलं. लिहून त्याचं समाधान झालेलं दिसेना. थोडा विचार केला आणि समासात, जिथं कुणीही काहीही विचारलं नव्हतं तिथं, सुवाच्य अक्षरात आणखी एक ओळ घातली : 'वर्तणूक चांगली.' मला भरून आलं.

गुणपत्रकं पाकिटात बंद करून, पाकिटाच्या तोंडावर अर्धी फ्लॅपवर अर्धी खाली अशी सही आणि शिक्का, हे तर आमचं घरचं काम. त्यानं विचारलं, "गोल का आडवा?" मी म्हटलं, "दोन्ही मारा." अमेरिकेला कशात काही कमी वाटायला नको.

प्रत्येक पेपरचा सिलॅबसही साक्षांकित करून पाहिजे होता. त्याचा गठ्ठा बघून झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "काका, कोर्टाचं हाय काय?" तिथं मी फार थांबत नाही.

शिफारसपत्राचं प्रकरण निराळं. सर भला माणूस. पोरीला म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." तर तेही चालत नाही. सरांच्या मेलवर लिंक येते, त्यांनी स्वतः उघडायची, स्वतः भरायची, पोरीनं बघायचं नाही. सरांनी आयुष्यभर एकच पत्र दिलेलं : सिन्सियर, पंक्च्युअल, ओबीडियंट, आय विश हर ऑल सक्सेस. तीन शब्दांत त्यांनी कित्येक पिढ्या नोकरीला लावल्या. आता अमेरिका विचारते, हिच्याबद्दल एखादा प्रसंग सांगा. सर बिचारे रंकाळ्यावर फिरायला आले की मलाच गाठून विचारायचे, "एखादा प्रसंग आठवतोय काय हो तुम्हाला?" मला आठवायचे ते सगळे तिच्या लहानपणीचे आणि त्यातले बरेचसे तिच्या विरोधात जाणारे.

आता निबंध. तुम्ही आहे ते कॉलेज का सोडताय आणि तिकडं जाऊन काय साधणार, हे ६५० शब्दांच्या आत सांगायचं. माझ्या हिशेबानं दोन शब्दांचं काम, उरलेले ६४८ परत करावेत. मी सुचवूनही बघितलं : पालकांच्या विनंतीवरून. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की मी पेपर उघडला.

आणि त्यातली अट बघा. आहे त्या कॉलेजला नावं ठेवायची नाहीत, रडगाणं गायचं नाही, आणि तरी इथं भागत नाही हे पटवायचं. बायको म्हणाली, "हे म्हणजे ठरलेलं स्थळ मोडायचं आणि पोराला चांगलंच म्हणायचं." तिच्या माहेरी हे काम तिच्याकडंच असायचं, त्यामुळं तिनं दोन-तीन नमुने तोंडपाठ ऐकवले. सगळ्यांची सुरुवात 'माणसं फार चांगली आहेत' अशी होती.

पोरीनं पहिल्यांदा अवकाश, विश्व, मानवजात असं काहीतरी लिहिलं. ते वाचून तिलाच जांभई आली. मग एका रात्री बसून प्रॅक्टिकलचं लिहिलं. लॅबमध्ये सोडियमचा दिवा असतो. त्याचा पिवळा उजेड स्पेक्ट्रोमीटरमधून बघितला की एकच वाटणारी पिवळी रेघ नीट जुळवल्यावर दोन होते, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. एवढाच फरक. पण उपकरण एक आणि पोरं आठ. एकजण डोळा लावणार, बाकीचे त्यानं सांगितलेले आकडे जर्नलला उतरवणार. बरोबर उत्तर पुस्तकात असतंच, त्यामुळं आठहीजणांचं प्रॅक्टिकल चोख. हिला ती दुसरी रेघ स्वतःच्या डोळ्यानं बघायची होती, म्हणून सगळे गेल्यावर लॅब असिस्टंटच्या हातापाया पडून थांबली.

मी विचारलं, "मग दिसली का?"

"दिसालीच हुती. लाईट गेली."

हे शेवटचं वाक्य तिनं निबंधातही ठेवलं. मी म्हटलं, काढ, गावाची अब्रू जाईल. नाही काढलं.

खर्चाचं मी मुद्दाम उशिरा काढतोय, कारण घरातही ते उशिराच निघालं. तिथल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठांचा राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढं जातो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लास हातात घेऊन मी हे मित्राला सांगितलं. तो शेतकरी माणूस. डॉलर ८५ चा धरला, झाले ६८ लाख. उसाला टनाला ३,५०० धरले, आले दोनेक हजार टन. एकरी ४० टन म्हटले तर ५० एकर ऊस, दरवर्षी, निव्वळ तिच्या वह्या-पुस्तकांना. "तुझ्या वाट्याला किती हाय?" म्हणाला. मी म्हटलं, अठरा गुंठे, तेही वादात. त्यानं न बोलता दुधाचे पैसे दिले.

म्हणून आर्थिक मदतीचा अर्ज. सीएसएस प्रोफाइल म्हणतात त्याला. परदेशी पोरांच्या बाबतीत बरीच विद्यापीठं घरचं उत्पन्न बघूनच घ्यायचं की नाही ठरवतात, तेव्हा इथं फार गरीब दिसूनही भागत नाही आणि श्रीमंत दिसलं तर मदत नाही. मी पेन्शन लिहिली. मग शेतीचा प्रश्न आला : जमीन कुणाच्या मालकीची, तिची किंमत किती, उत्पन्न किती? आता सातबारावर माझ्यासकट चुलत भावंडांची रांग, दोघं हयात नाहीत, एकाची वारसनोंद राहिलेली, आणि एक आत्या 'हक्क सोडला नाही' म्हणून अधूनमधून फोन करते. उसाचं बिल कारखान्याकडून हप्त्यानं येतं आणि ते कुणाच्या खात्यावर जमा होतं यावरून दोन घरांत बोलणं नाही. हे सगळं एका चौकटीत. कागलच्या चुलतभावाला जमिनीची किंमत विचारायला फोन केला, तर त्याला वाटलं मी विकायला काढली. दुसऱ्या दिवशी वकील घेऊन दारात.

मे महिन्यात उत्तरं आली. नकार द्यावा तर त्या लोकांनी. दोन परिच्छेद तुमचं कौतुक, एक परिच्छेद त्यांचं दुःख, आणि नकार कुठल्या वाक्यात होता हे परत वरपासून वाचून शोधावं लागतं. असे बरेच वाचून झाल्यावर एक मेल आला त्यात कौतुक कमी होतं. पोरगी म्हणाली, "घेतलं." मदतही बऱ्यापैकी दिली होती. पेठेत बातमी गेली, तालमीच्या पोरांनी फलक लावायचं ठरवलं, तो बायकोनं कसाबसा थांबवला.

मग आलं क्रेडिटचं पत्र. इथं केलेले पेपर त्यांनी एकेक तपासून कुठले मान्य, कुठले नाही ते कळवलं होतं. फिजिक्सचे निम्मे परत करायचे. गणिताचं बघू म्हणाले. आणि पर्यावरण, जो पेपर इथं आदल्या रात्री गाईड वाचून सगळे पास होतात, तो पूर्ण मान्य. एकूण गोळाबेरीज अशी की इथं दोन वर्षं झाली असली तरी तिथं दुसऱ्या वर्षालाच बसायचं. पोरीला त्याचं काही नव्हतं. परत प्रॅक्टिकल करायला मिळणार म्हणून खूशच होती.

कागलहून आक्का पेढे घेऊन आली. पोरीच्या गालावरून बोटं मोडली, डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "आता कितवीला बसायची?"

"दुसऱ्या वर्षाला," मी म्हटलं.

"आत्ता कितवीला हाय?"

"दुसरंच झालं की आत्ता."

आक्का जरा थांबली. मी क्रेडिट म्हणजे काय ते सांगायला घेतलं, सिलॅबस सांगितला, पर्यावरण सांगितलं. पर्यावरणाला ती मान हलवायला लागली तेव्हा मला बरं वाटलं. मग जवळ सरकून, आवाज उतरवून म्हणाली, "असूंदे बाळू. हुतंय असं एखाद्याचं. आमच्या थोरल्याचंबी बारावीला एकदा गेलतं, पर पुढं लागलाच की नोकरीला. तू कुणाला सांगू नगंस, मीबी न्हाई सांगत."

संध्याकाळी कागलच्या चुलतभावाचा फोन आला. जमिनीचं काही बोलला नाही. ऑक्टोबरला परत बसायची सोय तिकडं नसते का, एवढंच विचारत होता.